भंगारातला अभंग श्लेष

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द ऐकले की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हस्तकलेचा तास आठवतो. आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, करवंटीचे कासव, फुटक्या बांगड्यांचे तोरण. अलीकडे हेच शब्द एका वेगळ्या मालाला चिकटलेले दिसतात. मोटारींचे, सायकलींचे, शिलाई यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना वेल्ड करून केलेली वीतभर उंचीची शिल्पे आता हस्तकलेच्या मेळ्यांत, भेटवस्तूंच्या दुकानांत, कचेऱ्यांतल्या टेबलांवर सर्वत्र भेटतात. नट-बोल्टांचा गिटारवादक, स्पार्क प्लगचा सैनिक, चेनच्या कड्यांची मोटारसायकल. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात शिल्प क्वचितच असते. किती कचरा वाचला, पृथ्वीवरचा भार किती हलका झाला, एवढेच असते. हा गिटारवादक शिल्प म्हणून सामान्य आहे असे कोणी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे जणू पृथ्वीच्या विरुद्ध उभे राहणे. मला मात्र तो सामान्य वाटतो, आणि त्याच्याच शेजारी, त्याच फळीवर ठेवलेले दुसरे एखादे शिल्प फार चांगले वाटते. दोघांत भंगार सारखेच आहे. मग फरक कशात आहे?

आधी ‘टाकाऊ’ या शब्दाचा हिशोब चुकता करू. लोखंड आपल्याकडे टाकाऊ नसतेच. गल्लीतून ओरडत जाणाऱ्या भंगारवाल्याला, त्याला हिंदीत कबाडी म्हणा, लोखंडाचा, बिडाचा, पितळेचा, तांब्याचा त्या दिवसाचा भाव तोंडपाठ असतो. त्याच्याकडून निघालेले लोखंड वर्गवारी होत होत भट्टीपर्यंत पोचते. जालन्याच्या किंवा पंजाबातल्या मंडी गोविंदगढच्या पोलाद कारखान्यांत वितळून त्याच्या सळया होतात आणि त्या आपल्याच घरांच्या स्लॅबमध्ये जातात. म्हणजे गिअरचे एक चाक शिल्पात गेले तर ते कचऱ्यातून वाचत नाही, भट्टीतून वाचते. पर्यावरणाच्या जमाखर्चात त्याने काही फारसे भले केलेले नाही. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. उलट, एकदा हे पुण्य बाजूला काढून ठेवले की खरा प्रश्न विचारता येतो : वितळण्यापासून वाचवले, ते नेमके काय वाचवले?

वजन तर वाचवले नाही. ते भट्टीतही वाचतेच. वाचला तो आकार, आणि आकारावर झालेली झीज.

आपल्या घरांतल्या जुन्या व्यवहारात या दोन्हींना किंमत नव्हती. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची, मोडीचे वजन करून घ्यायचे आणि वरचे पैसे देऊन नवी घ्यायची. भांड्यावर नाव घातलेले असे. कोणाचे, कोणाच्या लग्नात, कोणत्या साली. वितळताना तेही जाई. छत्तीसगढच्या बस्तरमधले किंवा बंगालमधले ढोकरा कारागीरही फुटकी पितळी भांडी वितळवून, मेण वितळून रिकाम्या झालेल्या मातीच्या साच्यात ओततात, आणि त्यांच्या घोड्या-हत्तींत त्या भांड्यांचा मागमूस उरत नाही. उरावा अशी अपेक्षाही नसते. ही एक थोर परंपरा आहे आणि तिचा न्याय सरळ आहे : जुने रूप पूर्ण जाऊ दे, मग नवे रूप येऊ दे. सुटे भाग जोडणाऱ्या शिल्पकाराने याच्या उलट करार केलेला असतो. तो म्हणतो, जुने रूप जाणार नाही आणि तरीही नवे येईल. हा करार पाळला गेला की नाही, एवढ्याच मापाने मी ही शिल्पे पाहतो.

या मापाला आपल्या साहित्यशास्त्रात नाव आहे. श्लेष. एकाच शब्दातून दोन अर्थ एकाच वेळी निघणे. संस्कृत आलंकारिकांनी त्याचे दोन प्रकार केले. शब्द वेगळ्या ठिकाणी तोडल्यावर दुसरा अर्थ निघत असेल तर तो सभंग श्लेष. शब्द जसाच्या तसा ठेवून दोन्ही अर्थ निघत असतील तर अभंग श्लेष. (अभंग म्हटल्यावर मराठी वाचकाला तुकाराम आठवणार. इथला अभंग तो नव्हे, पण आठवण झाली तर बिघडत नाही. आणि ‘भंगार’ या शब्दातही भंग आहे. ती मात्र कानाची गंमत समजावी, व्युत्पत्ती नव्हे.) सुट्या भागांची शिल्पे ही धातूतले श्लेष असतात. भाग कापून, वाकवून, घासून दुसरा अर्थ काढला तर सभंग. भाग अखंड ठेवून काढला तर अभंग. आणि जिथे श्लेष नसतोच, नुसते ‘सारखे दिसते’ असते, ती उपमा.

माझ्याकडे बडोद्याच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून घेतलेला बगळा आहे. दुकानाचा मुख्य धंदा खिडक्यांच्या ग्रिलचा आणि लोखंडी दारांचा. शिल्पे तिथला तरुण कारागीर उरलेल्या वेळात करतो. बगळा म्हणजे एक जुनी पक्कड आहे, जबडे वर आणि दांडे खाली करून उभी केलेली. दांडे म्हणजे पाय. जबडे म्हणजे चोच. दोन्ही पात्यांना जोडणारी रिव्हेट हा डोळा. पायांखाली तीन वॉशर एकावर एक, पाण्यातल्या तरंगांसारखे, प्रत्येक खालचा वरच्यापेक्षा मोठा. वेल्ड फक्त एका पायाचे आहे; दुसरा पाय वॉशरवर नुसता टेकलेला आहे, त्यामुळे चोच उघडते आणि मिटते. अजूनही तिच्यात खिळा धरता येतो. दांड्यांवरचे प्लॅस्टिक काढून टाकलेले आहे, आणि उजव्या दांड्याचा मधला भाग डाव्यापेक्षा गुळगुळीत आहे. कोणाच्या तरी तळव्याने तो वर्षानुवर्षे घासलेला आहे.

इथे कारागिराने किती थोडे केले आहे ते पाहावे. त्याने पक्कड बनवली नाही, बगळाही बनवला नाही. पकडीत जो बगळा होता त्याला उभे राहायला जागा दिली. पण हे ‘थोडे’ सोपे नाही. एक पाय मोकळा ठेवण्याचा निर्णय हा शिल्पाचा निर्णय आहे. दोन्ही पाय वेल्ड केले असते तर उभे राहणे पक्के झाले असते, विकायला सोपे गेले असते, आणि पक्कड मेली असती. मग उरला असता पकडीसारखा दिसणारा बगळा. आता तो बगळाही आहे आणि पक्कडही. पाहणाऱ्याची नजर एका अर्थावर स्थिर होऊ लागली की दुसरा अर्थ तिला ओढून नेतो. मासा टिपणारी चोच आणि खिळा उपटणारा जबडा यांचे काम एकच आहे, पकडणे, हे ध्यानात येते तेव्हा श्लेष आकारापुरता उरत नाही, क्रियेपर्यंत जातो. चांगल्या श्लेषात दोन अर्थांचे एकमेकांशी काहीतरी देणेघेणे असावे लागते. नुसता योगायोग कोटी होतो.

त्याच फळीवरचा गिटारवादक : डोके म्हणजे नट, धड म्हणजे बोल्ट, हातपाय म्हणजे वाकवलेली सळई, गिटार म्हणजे पत्रा कापून केलेली गिटार. यातला नट डोके का आहे? गोलसर आहे म्हणून. बोल्ट धड का आहे? लांबट आहे म्हणून. त्या जागी लाकडाचा ठोकळा किंवा मातीचा गोळा असता तरी काम भागले असते. भाग इथे शब्द नाही, नुसते अक्षर आहे. कोणत्याही वाक्यात बसेल. आणि गिटार, जिच्यावर सगळे शिल्प उभे, ती तर कोऱ्या पत्र्यातून कापलेली. जिथे श्लेष हवा होता तिथेच कारागिराने शब्द नव्याने घडवून घेतला. चेनच्या मोटारसायकलीचे दुखणे वेगळे आहे. मोटारसायकलीच्या भागांची मोटारसायकल, ही पुनरुक्ती झाली. खपते मात्र तीच, आणि त्या तरुणाला मी त्याबद्दल नावे ठेवणार नाही. ग्रिलच्या धंद्यात मंदीचे महिने असतात.

माझी तक्रार आहे ती सोनेरी फवाऱ्याची. पुष्कळ जण जोडकाम झाले की सगळ्या शिल्पावर सोनेरी नाहीतर काळा रंग मारतात, म्हणजे वेल्डचे डाग झाकले जातात आणि वस्तू ‘एकसंध’ दिसते. एकसंधपणाची ही हौस शिल्पाला मारक आहे. स्पार्क प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग, बेअरिंगची आरशासारखी कडी, बिडाची खरखर, व्हॉल्व्हच्या टोकावरचा जळकट तपकिरी थर, हे सगळे वेगवेगळे आवाज आहेत. रंगाखाली ते एकाच सुरात बोलू लागतात. धातूंचे आपापसातले न जमणेही खरे असते. ॲल्युमिनियम आणि लोखंड साध्या वेल्डने जुळत नाहीत. बीड नीट तापवून न घेता वेल्ड केले तर तडकते. बेअरिंगचे पोलाद इतके कडक असते की सांधा ठिसूळ होण्याची भीती. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट न घासता जाळला तर त्याच्या धुराने रात्री ताप भरतो. हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तरी मास्क क्वचितच दिसतो. म्हणजे काय कशाशी जोडायचे यावर धातूच बंधने घालतो, जसे छंद कवीवर घालतो. ती बंधने जाणवू देणारे शिल्प मला रंगवलेल्या शिल्पापेक्षा नेहमी जास्त बोलके वाटत आले आहे.

हा प्रकार कलेत आला तोच मुळी कारखान्यातून. हुलिओ गोन्झालेस हा कातालान धातुकारागीर 1918च्या सुमारास पॅरिसजवळच्या रेनो मोटार कारखान्यात ऑक्सिॲसिटिलीन वेल्डिंग शिकला आणि दहा वर्षांनी त्याने ते कसब पिकासोच्या शिल्पांसाठी वापरले. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ तरुणपणी स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. पुढे 1962 साली इटलीत व्होल्त्री येथल्या बंद कारखान्यात त्याने तिथे पडलेले लोखंड, सांडशी, अवजारे घेऊन 30 दिवसांत 27 शिल्पे केली. आपल्याकडे मुंबईत पिलू पोचखानवाला आणि बडोद्यात राघव कनेरिया यांनी यंत्रांच्या भंगाराला हात घातला, तो अमूर्त रचनेच्या ओढीने. त्यांच्यासाठी भाग हा प्रथम आकार होता. ते त्यांच्या ध्येयाला धरूनच होते. इथे मी जे माप लावतो आहे ते त्यांना लावणे अन्यायाचे होईल.

माझे माप लागते ते पिकासोच्या 1942 सालच्या ‘बैलाच्या डोक्या’ला. सायकलची सीट आणि सायकलचे हँडल, दोनच भाग, दोन्ही अखंड. सीट म्हणजे निमुळता होत गेलेला चेहरा, हँडल म्हणजे शिंगे. त्याच वर्षी मार्चमध्ये गोन्झालेस वारला होता. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते, आणि विशी सरकारच्या 1941च्या कायद्यानुसार चौकाचौकांतले ब्राँझचे पुतळे धातूसाठी उतरवून नेले जात होते. पुतळ्यांचे भंगार होत असताना भंगाराचा पुतळा झाला, एवढे म्हणून पुढे जाता येईल. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कोणी एखादा मिस्त्री हे डोके उचलेल आणि त्याची पुन्हा सीट आणि हँडल करील अशी कल्पना पिकासोने बोलून दाखवल्याचे त्याच्या परिचितांनी नोंदवले आहे. अभंग श्लेषाची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. परतीची वाट उघडी आहे का? मूळ जोडणीत ती उघडी आहे. तिच्या ब्राँझ प्रती ओतल्या गेल्या, त्यांत ती बंद झाली. ब्राँझची सीट ही सीट नव्हे. तिच्यावर कोणी बसलेले नाही, बसणारही नाही. चामड्याच्या सीटवर मात्र कोणीतरी पॅरिसभर फिरलेले असते.

त्यानेच 1951 साली केलेल्या वानरीच्या शिल्पात मुलाच्या दोन खेळण्यातल्या मोटारी, एक सुलटी आणि एक उलटी, पोटाला पोट लावून चेहरा केला आहे. पुढची काच म्हणजे डोळे, दोन गाड्यांमधली फट म्हणजे तोंड. हा श्लेष अप्रतिम आहे. पण बाकीचे अंग प्लॅस्टरने भरलेले आणि मग सगळे ब्राँझमध्ये ओतलेले असल्यामुळे पाहणारा मोटार ओळखतो, हसतो आणि तिथेच थांबतो. दोन भागांचा बैल मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. वानरी एकदा कळली की कळली.

यातूनच आकारमानाचा मुद्दा निघतो. ही शिल्पे लहान असण्यात त्यांचे बळ आहे, आणि ते परवडण्याशी किंवा टेबलावर मावण्याशी जोडलेले नाही. पाच-सहा भागांच्या शिल्पात प्रत्येक भाग मोजला जातो, जसा दोन ओळींच्या कवितेत प्रत्येक शब्द. भाग हजारांच्या घरात गेले की ते विटा होतात. दिल्लीत 2019 साली ‘वेस्ट टू वंडर’ नावाचे उद्यान उघडले. सुमारे 150 टन भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर, पिरॅमिड असे जगातल्या सात आश्चर्यांचे नमुने. कष्ट प्रचंड आहेत, वेल्डरांची हातोटी जवळ जाऊन पाहण्यासारखी आहे. पण दहा पावले मागे आले की डोळा म्हणतो ‘ताजमहाल’, आणि पुढे त्याला काही काम उरत नाही. जवळून भंगार दिसते, लांबून ताजमहाल दिसतो. दोन्ही एकदम कधीच दिसत नाहीत. एकाच वेळी दोन, ही तर श्लेषाची पहिली अट.

एवढे सगळे अभंगाच्या बाजूने बोलल्यावर मला जिथे या मापाला मुरड घालावी लागते ती जागा सांगितली पाहिजे. मोझांबिकमध्ये 1977 ते 1992 यादवी युद्ध झाले. ते संपल्यावर देशभर बंदुका उरल्या. 1995 साली तिथल्या ख्रिस्ती मंडळांच्या परिषदेने बिशप दिनिश सेंगुलान यांच्या पुढाकाराने एक उपक्रम सुरू केला : बंदुका आणून द्या, बदल्यात कुदळी, सायकली, शिलाई यंत्रे न्या. जमा झालेल्या बंदुका निकामी करून मापुतोतल्या कलावंतांना दिल्या गेल्या. त्यांतून पक्षी झाले, प्राणी झाले, आणि 2001 साली केस्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पकाराने एक खुर्ची केली. ‘शस्त्रांचे सिंहासन’. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पाठ पोर्तुगीज जी-3 रायफलींची. बाकीच्या अंगात सोव्हिएत, पोलिश, चेकोस्लोव्हाक, उत्तर कोरियन बनावटीच्या शस्त्रांचे तुकडे.

इथे भाग अखंड ठेवता आला असता का? अखंड बंदूक म्हणजे बंदूक. परतीची वाट उघडी ठेवणे हे पकडीच्या बाबतीत प्रेम आहे. बंदुकीच्या बाबतीत तो गुन्हा ठरेल. म्हणून इथे कापणे हाच शिल्पाचा आशय आहे. प्रत्येक कापलेली नळी सांगते की हिच्यातून आता गोळी सुटणार नाही, आणि कापलेली आहे हे दिसलेच पाहिजे. सभंग श्लेष इथे निव्वळ कसब उरत नाही, ती नीती होते. आणि तरीही या खुर्चीत एक जागा अभंग आहे. पाठीच्या वरच्या टोकाला रायफलींचे दस्ते उभे आहेत. त्यांवरची स्क्रूची भोके आणि पट्टा ओवायची खाच मिळून हसरा चेहरा दिसतो. केस्टरने तो कोरलेला नाही. दस्त्यावर तो आधीपासूनच होता, आणि युद्धात खांद्याला टेकवताना तो कोणाला दिसला नसावा. त्या हसण्याने माझ्या अंगावर काटा येतो. मोठ्या शिल्पकाराला कुठे कापायचे आणि कुठे हात आवरायचा हे कळते, असे म्हणतात. इथे ते एका हाताच्या अंतरावर दोन्ही पाहायला मिळते.

मुंबईत यातले काही घडले असते का, हा विचार मला सुटत नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून मोडीत निघाल्या. माग आणि चात्या वजनावर गेल्या. आज सजावटीच्या दुकानांत गिरणीतले लाकडी बॉबिन दिव्याची बैठक म्हणून मिळते, लोखंडी टोकांचा धोटा पेपरवेट म्हणून मिळतो. घासूनपुसून, पॉलिश करून, हातांचे डाग काढून. भाग अखंड आहे, आकार वाचलेला आहे, माझ्या मापाचा पहिला अर्धा भाग पुरा झालेला आहे. दुसरा अर्धा कुठेच नाही, कारण दुसरा अर्थ कोणी मागितलेला नाही. धोटा इकडून तिकडे जाण्यासाठी होता. तो कागदांवर ठेवून त्याला हलू न देणे यात एक भयंकर श्लेष पडलेला आहे. दुकानदाराला तो दिसत नाही, आणि शिल्पकार अजून त्याच्याकडे वळलेला नाही.

प्रदर्शनांतल्या पट्ट्यांवर अशा शिल्पांचे माध्यम बहुधा ‘सापडलेल्या वस्तू’ असे लिहितात. सापडलेल्या? लोखंडाच्या ढिगातून पाने वेगळे, बेअरिंग वेगळी, पितळ वेगळे करणारी माणसे असतात, पुष्कळदा बायका, मांडीवर चुंबक घेऊन बसलेल्या. शिल्पकाराच्या हातात भाग येतो तो त्यांनी आधी वाचून ठेवलेला असतो. ब्रिटिश म्युझियमने त्या खुर्चीच्या शस्त्रांचे देश तरी शोधून नोंदवले. माझ्या बगळ्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती; तिच्यावर किंमत होती, आणि खाली कंसात, गुजराती लिपीत, ‘पक्कड 8 इंच, जुनी’. ती मी काढलेली नाही.